बॅटरीची अदलाबदल

हुबळी, मार्च १९९६

तीर्थरूप अण्णांस, धाकट्या भावाचा, सिद्धूचा नमस्कार. मी आन् आबा बरं हाय, आईला तसंच सांगा.

द्राक्षं घिऊन येताना हुबळीजवळ च्याला थांबलो, त्यानंतर टेंपो परत चालूच झाला न्हाय. तिसऱ्या दिवशी मिस्त्री भेटला. त्यानं बॅटरी बाहेर काढली, तर तिच्यावर लाल रंगात तुमच्या ट्रॅक्टरचा नंबर! गावात, सणसरला लाईट न्हाय म्हणून माझी नवी बॅटरी टीव्हीला लावली आन् तुमची जुनी माझ्या गाडीत घातली, व्हय ना? एका शब्दानं सांगायचं तरी.

द्राक्षं सडली, रस्त्याकडंला ओतली. दुसरी बॅटरी मिळंस्तवर टेंपोतच झोपतोय. आबांनी सत्तराव्या वर्षी धक्का मारला, आता कंबर धरून पडल्यात. हे आईला वाचून दाखवू नका.

आबा तुमच्यावर चिडलं न्हाईत. मॅच कोण जिंकलं, एवढंच इचारत्यात.

सिद्धू