मे महिन्याचे चार आठवडे

१९ एप्रिल १९९९, सोमवार

पाळणाघराच्या दारावर खडूने लिहिलंय : १ ते ३० मे बंद. जुईला चपला घालताना वाचलं. "महिनाभर?" म्हटलं तर मावशी शांतपणे म्हणाल्या, "नऊ वर्सं झाली, मे म्हैना कसा असतो ते बघितलं नाय. मी पन मानूसच हाये."

रिक्षात घरी येईपर्यंत नुसता संताप. खात्याची परीक्षा २१ मेला. सहा वर्षं दुसऱ्यांची पत्रं टाइप केली, वरिष्ठ लिपिक व्हायची ही पहिली संधी. आणि नेमका हाच महिना.

२० एप्रिल

श्रीकांतचं उत्तर तयार होतं. "आईकडे पाठवू गावाला. आंबे खाईल."

गेल्या वर्षी पाठवलं होतं पंधरा दिवस. परत आली ती आठ दिवस माझा पदर सोडेना. मोरीत गेले तरी दाराबाहेर उभी. साडेतीन वर्षांची आहे आता. पुन्हा नाही पाठवणार.

"मग तू बिनपगारी रजा घे."

"तुझ्या बावीस रजा पडून आहेत."

"गोडाऊनात हसतील मला. पोरगी सांभाळायला रजा म्हणे."

"हसू देत."



२१ एप्रिल

सकाळी मावशींकडे परत गेले. भांडायलाच. त्या बारा मुलांच्या बाटल्या धूत बसलेल्या, नखं पांढरी पडलेली. "कुठे जाणार?" एवढंच विचारलं. "कुटं नाय. घरीच झोपनार," म्हणाल्या.

रजा त्यांना मिळायलाच हवी. पण मग मलाही मिळायला हवी ना.

२४ एप्रिल, शनिवार

फिलोमिना आणि अनघा आल्या होत्या. दोघींची मुलं मावशींकडेच. फिलो दवाखान्यात नर्स, नवरा मस्कतला. अनघा शाळेच्या ऑफिसात, दोन मुलं, नवरा वारला तेव्हापासून एकटीच. तीन घरं, चार मुलं, चार आठवडे. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला तक्ता केला :

३ मे – फिलो (भुईगावला तिच्या आईकडे. फिलो रजेवर)
१० मे – अनघा
१७ मे – श्रीकांत
२४ मे – मी

फिलो म्हणाली, "श्रीकांतला विचारलंस?"

"तक्ता वाचता येतो त्याला."

स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवला.

२५ एप्रिल

वाचला. "आपल्या घरी दोन आठवडे का?"

"कारण आपण दोघं आहोत."

२७ एप्रिल

साहेबांकडे रजेचा अर्ज दिला, २४ ते २९ मे. न वाचताच म्हणाले, "मे महिन्यात सगळ्यांनाच रजा हव्यात. बायकांना नोकरीत घेतलं की हेच."

मी म्हटलं, "साहेब, रजेची यादी मीच टाइप केली. तुमचे पंधरा दिवस त्यात पहिले आहेत."

साहेब म्हणाले, "बघतो." खुर्चीवर बसल्यावर दोन पत्रांत चुका. पण बोलले ते बोलले.

७ मे

भुईगावचा आठवडा छान चाललाय. जुई रोज पायांना वाळू घेऊन येते. फिलोच्या आईने चौघांना वाडीत केळीच्या आळ्यांना पाणी घालायला लावलंय. "घरी नको, तिकडेच," जुई म्हणते. बरं वाटलं, थोडं लागलंही.

सकाळी पाच ते सहा अभ्यास. तेवढाच वेळ.

१५ मे

अनघाचा आठवडा संपला. धाकट्याला ताप होता तरी तिने सहाही दिवस काढले. म्हणाली, "तुझ्याकडचं नक्की ना?" नक्की म्हटलं. श्रीकांत अजून हो म्हणालेला नाही.

१७ मे, सोमवार

साडेसातला डबा भरला. तो पेपर घेऊन बसलेला. "बाकीची तिघं साडेआठला येतील."

"मी हो म्हटलेलं नाही."

"नाहीही म्हटलेलं नाहीस."

निघाले. दिवसभर शेजारी फोन करायचा मोह आवरला. मी फोन केला असता तर तो आठवडा माझाच झाला असता.

संध्याकाळी घरी आले तर पिंपं भरलेली. टँकर आला तेव्हा चौघांना हातात तांबे देऊन रांगेत उभं केलं म्हणे. खिचडी खाली लागलेली. माझ्याशी बोलला नाही. मुलांशी बोलत होता.

१९ मे

सासूबाई दारात. एसटीने आल्या, रात्रभराचा प्रवास करून. श्रीकांतनेच शुक्रवारी फोन करून बोलावलेलं, मला न सांगता. शनिवारची परतीची दोन तिकिटं घेऊन आल्यात. एक त्यांचं, एक जुईचं.

"मी चार पोरं शेताच्या बांधावर वाढवली. मला कोणी पाळणाघर दिलं नव्हतं."

"दिलं असतं तर बरं झालं असतं ना, आई?"



२० मे

सासूबाईंनी जुईचे फ्रॉक पिशवीत भरले. मी काढून कपाटात ठेवले.

"मी परत भरीन."

"मी परत काढीन."

आणि श्रीकांतकडे वळून, "तू सांग काय ते." त्यांच्यासमोर मी नेहमी 'अहो' म्हणते. त्याने मान वर केली, मुलांकडे बघितलं. चौघं त्याच्या भोवती खडू घेऊन फरशीवर. "उद्या तिची परीक्षा आहे आई," म्हणाला. एवढंच. जुईबद्दल काही नाही.

२१ मे

पेपर दिला. दोन प्रश्न सुटले नाहीत, बाकी लिहिले. हात दुखेपर्यंत लिहिलं.

घरी आले तर पिशवी परत भरलेली. मी परत काढली. सासूबाई खाटेवर बसून बघत होत्या. मग म्हणाल्या, "घर रिकामं असतं गं. मे महिन्यात आजूबाजूला सगळ्यांकडे पोरं येतात."

जवळ जाऊन बसले. "तुम्ही राहा ना इथे. जूनपर्यंत राहा."

"गायीचं कोण करील?"

त्यांचं खरं होतं. माझंही खरं होतं. फ्रॉक कपाटातच राहिले.

२२ मे, शनिवार

एकट्याच गेल्या. दुसऱ्या सीटवर पिशवी ठेवली असेल. जाताना जुईचे मुके घेतले, मला म्हणाल्या, "गणपतीत घेऊन ये, तूही ये." श्रीकांत सोडायला गेला होता. येताना कोथिंबीर घेऊन आला, न सांगता. गोडाऊनात काय सांगून रजा घेतली ते अजून सांगितलेलं नाही. मी विचारलेलं नाही. आईला का बोलावलंस तेही विचारायचं आहे. ते विचारीन.

साहेबांनी अर्जावर अजून सही केलेली नाही. दुपारी सुटताना टेबलावर त्यांच्या पेनखाली ठेवून आले, दिसेल असा. सोमवारी साडेआठला बाकीची तिघं येणार आहेत. दार मी उघडणार आहे.