तिरुवलंचुळीचा डबा

४ जानेवारी

आत जातं ते आणि जळतं ते — डॉक्टर रविशंकरांनी कागदावर तराजूच काढून दाखवला. माझं पारडं जमिनीला टेकलेलं. गायत्रीला मूत्रपिंड द्यायचंय तर आधी वजन उतरवा, म्हणाले. आहे त्या वजनावर ऑपरेशन म्हणजे तुमच्याच जिवाला धोका. धाकट्या बहिणीचं डायलिसिस चालू, आणि आडवं आलंय कोण? माझी कंबर! साप्ताहिकातल्या तिरकस सदरातून गावाची चरबी उतरवणारी बाई मी.

९ जानेवारी

पहाटे गावातल्या महामहम कुंडाभोवती चालले. धुकं. काठावरचे मंडप तरंगत होते. पाण्यातली बाई माझ्यासारखीच, पण तिला वजन नव्हतं — नुसती वाहत होती. हेवा वाटला तिचा.

घरी आले तर गायत्रीचा नवरा साईकुमार डबा घेऊन उभा. तिरुवलंचुळीच्या पांढऱ्या विनायकाचा प्रसाद म्हणे. तुपात न्हालेली कोळुकट्टै — आपले मोदकच. प्रसाद परतवायचा नाही, ही आईची शिकवण. नाही परतवला.

२० जानेवारी

रोज चालते. रोज डबा येतो. काटा हलत नाही. चालून जळतं चिमूटभर, डब्यातून येतं ओंजळभर. देवसुद्धा माझ्या विरुद्ध पारड्यात!

२ फेब्रुवारी

तिरुवलंचुळीला गेले. विनायकालाच सांगणार होते, पुरे कर बाबा. देवळाच्या प्राकारात गार सावली, पावलं कापसाची, आपण चालतोय की झोपेत आहोत कळेना. तेवढ्यात पुजाऱ्यांनी विचारलं, गायत्री कशी आहे? वर्ष झालं, तिच्या घरचं कुणी फिरकलं नाही.

मग रोजचा प्रसाद कुठला?

तशीच गायत्रीच्या स्वयंपाकघरात गेले. पाऱ्या वळत बसली होती, हातावर सुयांचे काळे-निळे डाग. दचकली नाही.

"प्रसाद म्हटल्यावर तू नाही म्हणणार नाहीस, ठाऊक होतं. जाड राहा अक्का. जाड आहेस तोवर दोन्ही मूत्रपिंडं तुझ्यापाशी राहतील."

शेजारी बसून एक पारी वळली. वाकडी झाली. मग म्हटलं, पाठव डबे. कावळ्यांना घालीन आणि चालत राहीन.

१८ फेब्रुवारी

डबे येतात. गच्चीवरचे कावळे सुस्तावलेत, उडायचा कंटाळा करतात. माझा काटा हलला.

७ मार्च

साईकुमार आला. डबा हातात घेतला — हलका.

रिकामा. घासून, पुसून, उन्हात वाळवलेला.