तीस खुर्च्यांची चाचणी

तीर्थस्वरूप आत्यास भाच्याचा साष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे, तुझा रेडिओ आणि शेजारणीशी चाललेलं तुझं भांडण, तिन्हींची प्रकृती उत्तम असेल असं धरून चालतो. माझी नोकरी, कंपनीने दिलेलं घर आणि घरातली बायकोही उत्तम आहे. आमच्या औषध कंपनीने रक्त पातळ ठेवणारी नवी गोळी काढली आहे आणि ती जुन्या गोळीसारखीच काम करते हे सिद्ध करायचं आहे. त्यासाठी किती पेशंट लागतील ते सांगणं माझं काम. (हो, याचाही पगार मिळतो.) दोन गोळ्यांत दहा टक्क्यांपर्यंत फरक चालेल, असं डॉक्टरांनी आधीच ठरवलं होतं. त्यावरून मी पंधरा दिवस डोकेफोड करून आकडा काढला, तीनशे शहाऐंशी.

साहेबांनी तो शांतपणे वाचला आणि शिपायाला तपासणीच्या खोलीतल्या खुर्च्या मोजायला पाठवलं. तीस निघाल्या. (एकीचा पाय मोडका आहे, पण शास्त्रासाठी कुणीतरी तोल सांभाळेलच.) तेव्हा पेशंट तीस. साहेबांचं म्हणणं असं, की माणसं कमी घेतली तर फरक दिसणार नाही, आणि फरक दिसला नाही म्हणजे गोळ्या सारख्या. बरोबरच आहे. मी चष्मा काढला की तुझे दोन्ही जावईसुद्धा सारखेच देखणे दिसतात. मी नम्रपणे सांगितलं, की तीस जणांत चाचणीची ताकद (म्हणजे गोळ्या खरोखर सारख्या असतील तर ते सिद्ध होण्याची शक्यता) शून्य आहे. दोन्ही डब्यांत जुनीच गोळी भरली तरी ती स्वतःसारखी आहे हे ठरणार नाही. साहेब म्हणाले, "मग ते दहा टक्के वाढवा की थोडे. आकडे तुमच्याच हातात आहेत ना?"

वाढवले. तीस खुर्च्यांत बसेपर्यंत वाढवत गेलो आणि छत्तीसवर थांबलो. (साहेबांचा आणि माझा आता तोच आकडा आहे.) म्हणजे नवी गोळी एक तृतीयांशाने कमी पडून गुठळी झाली किंवा तितकीच जास्त होऊन रक्तस्राव झाला, तरी कागदावर ती सारखीच. डॉक्टरांनी न वाचता सही केली. आता माझी तेवढी राहिली आहे, सोमवारपर्यंत. हातचा एक विसरलो म्हणून तू मला अख्खं पान पुन्हा लिहायला लावायचीस, ते मी विसरलेलो नाही. पण आता मोठा झालो. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करतं? सही करून मोकळा होणार आहे.

तुझा व्यवहारी भाचा

ता. क. तू रोज सकाळी घेतेस ती पिवळी गोळी म्हणजेच ही जुनी गोळी. औषधवाल्याने पुढेमागे "सारखीच आहे" म्हणून दुसरी दिली तर अजिबात घेऊ नकोस.

दुसरा ता. क. वरची ओळ लिहिली आणि मलाच माझी लाज वाटली. सही केली नाही. तीनशे शहाऐंशी पुन्हा लिहून कागद साहेबांच्या टेबलावर ठेवून आलो. तुझी माडीवरची खोली अजून रिकामी आहे का? आम्ही दोघंच आहोत. खुर्च्या आमच्या आम्ही आणू.