बुटांच्या दांड्या

३ सप्टेंबर

चि. सौ. धाकटीस अ. उ. आ.

तुमच्या मदत-मंडळाने बुटांच्या दांड्या काढून टाकल्या, म्हणून हे पत्र. एरवी इथे पत्राला सवड नाही.

त्या दांड्या खोक्यात बूट नीट बसावेत म्हणून लावलेल्या नव्हत्या. ज्या मुलांची पावलं जन्मतः आत वळलेली असतात, त्यांचे पाय प्लास्टर घालून सरळ करतात. मग चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत रोज रात्री दांडीने जोडलेले बूट घालून निजवावं लागतं, नाहीतर पावलं परत वळतात. आमच्या मुलांचे बूट पुरात गेले, म्हणून मागवले होते.

सध्या दवाखाना शाळेच्या वर्गात आहे. दोन वर्षांची एक मुलगी आहे, सगळे तिला ठकी म्हणतात. तिची आई पुरात गेली. बाप गवंडी आहे. ठकीचं उजवं पाऊल आत झुकू लागलंय. दांड्या मिळेल त्या गाडीने पाठव.

आणि मदतीच्या खोक्यात लग्नातला कोट कोणी दिला? तो आमचा कंपाउंडर घालून फिरतो.

लोभ शाबूत आहे, पण दांड्या आधी.

ताई

६ सप्टेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

बोलणी पोचली. दांड्या मीच काढल्या. स्क्रू फिरवून फिरवून हाताला फोड आला. मला वाटलं, बेड्या घातल्यासारख्या ह्या कशाला, पोरं चालणार कशी? हे म्हणाले, ताईंना विचार तरी. मी म्हटलं, विचारायचं म्हणजे आधी ओरडा खायचा.

दांड्या भंगारात जायच्या राहिल्या होत्या, म्हणून वाचले. औषधांच्या गाडीवाल्याकडे देते आहे. स्क्रू डबीत आहेत. कोट आमच्या ह्यांचा, आता त्यांना होत नाही.

तू जेवतेस की नाही, ते तुझ्या पत्रावरून कळत नाही. रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझी धाकटी

११ सप्टेंबर

चि. सौ. धाकटीस अ. उ. आ.

दांड्या मिळाल्या. मी जेवते.

बाकीच्या मुलांचे बूट त्यांच्या घरच्यांनी नेले. ठकीचा बाप म्हणाला, दांडी नको, नुसते बूट द्या. मी त्याला पाऊल दाखवलं. पोर पुढे पावलाच्या कडेवर चालेल, असं सांगितलं. आवाजही चढवला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, पाणी घरात आलं तेव्हा तो म्हाताऱ्या आईला घेऊन बाहेर पडला होता. बायको मागे ठकीच्या बुटांचे पट्टे सोडत बसली. ओले पट्टे लवकर सुटेनात. सुटले तेव्हा तिने पोर खिडकीतून त्याच्या हातात दिली, आणि भिंत कोसळली.

बाई, परत पाणी आलं तर मी काय करू, असं त्याने विचारलं.

मी ठकीला टेबलावर बसवलं, बूट चढवले, पट्टे आवळले, दांडी बसवली आणि म्हटलं, आता उचल. त्याने तिला खांद्यावर घेतलं. दांडी त्याच्या छातीला टेकत होती, तेवढंच. तो व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेला, पायऱ्या उतरला, परत चढला. ठकी त्याचा कान ओढत होती. माझ्यासमोर येऊन त्याने दांडीवरून हात फिरवला. मग म्हणाला, म्हणजे सोडायची गरज नव्हती.

मी म्हटलं, नव्हती.

हिच्या आईला कोणी सांगितलं नव्हतं, तो म्हणाला. मी म्हटलं, नाही.

कंपाउंडर बाहेर निघून गेला. बूट कसे बांधावे याचा तक्ता आमच्या भिंतीवर आहे. बांधलेलं मूल तसंच उचलता येतं, हे त्यात कुठेही नाही. ते आता खाली खडूने लिहिलं आहे. मंडळातर्फे नवे तक्ते छापाल तेव्हा हेही घाला. मला त्या वेळी काही वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. पुढच्या मुलाचं ड्रेसिंग केलं.

तुझ्यावरचा राग गेला. मायेचं वेगळं लिहीत नाही.

ताई

मंडळासाठी नोंद : मुलगी, वय दोन वर्षं. बूट एक जोड, दांडी एक, जादा स्क्रू दोन. बांधायला शिकवलं. बांधलेल्या मुलीला उचलून न्यायला शिकवलं. ताब्यात घेणार : वडील.