घोड्यांच्या हौदाचा कारभार

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (खरं म्हणजे कंबर धरलीय, त्यामुळे नमस्कार निम्म्यातच अडकला आहे, उरलेला भेटीत करीन.) तुझी तब्येत कशी आहे, वहिनींचा गुडघा काय म्हणतो, आणि तू गोड खाणं खरंच सोडलंस की फक्त वहिनींसमोर सोडलंस, ते सविस्तर कळव. इकडे सगळं ठीक आहे. हा 'ठीक' शब्द मी फार विचार करून लिहिलाय, तेव्हा त्यावर लगेच शंका घेऊ नकोस. तू पत्रात दोनच गोष्टी विचारल्यास: ह्यांचा घसा कसा आहे, आणि मी गावभर घोड्यांबद्दल बोलत फिरते असं जे तुझ्या कानावर आलं ते काय प्रकरण आहे. दोन्हींचं उत्तर एकच आहे, पण लांबलचक आहे. चहा करून घे आणि मग वाचायला बस.

ह्यांच्या घशाचं ऑपरेशन नीट झालं. गाठ साधी निघाली, त्यामुळे आमच्या सगळ्यांच्या जिवात जीव आला. फक्त बोलायला सक्त मनाई आहे. आता तू ह्यांना ओळखतोस. गव्हर्नरच्या बंगल्याचं गाईडपण आधी सासऱ्यांकडे होतं आणि मग ह्यांच्याकडे आलं, आणि हा माणूस इतकी वर्षं त्या बंगल्यात नुसता बोलत आलाय. जेवणघरातल्या लांब टेबलाशी उभं राहून हे गव्हर्नरसाहेबाचा खोकला काढून दाखवायचे, तेव्हा मागे उभी असलेली माणसं आपोआप खिशातून रुमाल काढायची. असा माणूस आता पाटी-पेन्सिल घेऊन घरात बसतो. सुरुवातीला ती पाटी भरून लिहायचे, पुसायचे, परत भरायचे. भाजीत मीठ कमी आहे हे सांगायलासुद्धा मिठाचा व्यापार या बंदरातून कसा चालायचा तिथपासून सुरुवात. मग हळूहळू पाटीवरचे शब्द कमी व्हायला लागले. मग एकदा सबंध सकाळ पाटी कोरी राहिली. त्याच दिवशी मी ठरवलं की बंगला आपल्या घरातून जाऊ द्यायचा नाही. ह्यांचा आवाज परत येईपर्यंत तिथे मी उभी राहीन.

इथे तुला आमच्या गाईड मंडळाची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. गावात जुन्या राजवटीतल्या बघण्यासारख्या जागा बऱ्याच आहेत (घड्याळाचा मनोरा, बुरुजावरची तोफ, जकात कोठी, गोऱ्यांची दफनभूमी, गंजलेला बँडस्टँड) आणि त्या घरोघरी वाटलेल्या आहेत. एक घर, एक जागा. ज्याची जागा त्यानेच तिच्याबद्दल बोलायचं. दुसऱ्याच्या जागेबद्दल चकार शब्द काढायचा नाही. मनोरेवाले मास्तर मनोरा सांगून झाला की पाहुण्यांना तोफेपर्यंत मुकाट्याने पोचवतात आणि तोफवाल्या अध्यक्षांच्या हवाली करतात. वाटेत कुणी विचारलं, की ही उजवीकडची सुंदर इमारत कसली, तर मास्तर डावीकडे बघतात. बाहेरगावच्या लोकांना वाटतं की आमच्या गावात काहीतरी भयंकर घडून गेलंय आणि आम्ही ते लपवतोय.

तर मी कंबर कसून मंडळात गेले. मंडळ जकात कोठीच्या मागच्या खोलीत भरतं. मधोमध जुना मोठा वजनकाटा आहे आणि त्याच्या एका पारड्यात अध्यक्ष बसतात, कारण खुर्च्या कमी आहेत. मी म्हटलं, ह्यांचा आवाज येईपर्यंत बंगला मला द्या. अध्यक्ष म्हणाले, "बाई, बंगल्याला आवाज लागतो. तुमचं आपलं घरगुती बोलणं." (दादा, मी तिसऱ्या मजल्यावरून हाक मारली की खाली भाजीवाला, त्याची बायको आणि समोरच्या दुकानातला न्हावी असे तिघेही वर बघतात. पण ते असो.) बंगला त्यांनी तात्पुरता मनोरेवाल्या मास्तरांना दिला. आणि मला नुसतं परत पाठवणं बरं दिसेना म्हणून शिल्लक राहिलेली एकमेव जागा दिली: मंडईमागचा, घोड्यांना पाणी पाजायचा हौद. वर अटही घातली. हंगाम संपेपर्यंत हौद बघायला पाहुणे आले तर माझ्या अर्जाचा विचार होईल. नाही आले तर आमच्या घराने गाईडचा बिल्ला मंडळात परत करायचा, कायमचा. बंगलाही गेला आणि गाईडपणही गेलं. सगळे माझ्याकडे बघून इतक्या प्रेमाने हसले की मला ताबडतोब राग आला, आणि राग आला की माझं डोकं चांगलं चालतं हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

हौद मी जाऊन पाहिला आणि कपाळाला हात लावला. लांबलचक दगडी हौद, आत पालापाचोळा, बाहेर एक मोटरसायकल टेकवलेली, आणि काठावर समोरच्या इस्त्रीवाल्याच्या चादरी वाळत घातलेल्या. मी झाडू, बादली आणि आपल्या घराण्याचा हट्ट घेऊन कामाला लागले. इस्त्रीवाला म्हणाला, या चादरी गेली कित्येक वर्षं इथेच वाळतात, म्हणजे त्याही ऐतिहासिकच झाल्या. मी म्हटलं, मंडळात अर्ज कर. हौद घासता घासता कंबर धरली ती तेव्हाच.

पहिले पाहुणे म्हणजे एक कुटुंब होतं. त्यांना चौकात गाठून मी हौदाकडे निघाले तर वाटेत मनोरा लागला. त्यांनी विचारलं, हा मनोरा केव्हाचा? मी गप्प. घड्याळ बंद का आहे? मी गप्प. मग बंगल्याचं फाटक आलं, ज्याच्या प्रत्येक खिळ्याची गोष्ट मला पाठ आहे, आणि तिथेही मी मूग गिळून उभी. शेवटी त्यातल्या आजीबाईंनी मला सावलीत बसवलं, पाणी प्यायला दिलं आणि मुलाला हळूच म्हणाल्या, "बिचारीला काही आठवत नाहीये रे." हौदापर्यंत कुणी आलंच नाही. रिक्षा करून मला घरी सोडलं.

त्या संध्याकाळी मी ह्यांच्यासमोर बसून मंडळाच्या नावाने बोटं मोडत होते, आणि बोलता बोलता मलाच सुचलं. मंडळाचा नियम काय? हौदाबद्दल बोला. बरं, हौदावर कोण यायचं? घोडे. घोडे कुणाचे? गव्हर्नरचे, तोफखान्याचे, जकातीच्या गाड्यांचे, मनोऱ्याचं घड्याळ बंदरातून ओढून आणणारे! अख्ख्या गावाचा इतिहास कधी ना कधी या हौदावर पाणी प्यायला आलेला आहे. मी फक्त घोड्यांबद्दल बोलायचं. पाठीवर कोण बसलंय आणि मागे काय जोडलंय याला माझा इलाज नाही.

दुसऱ्या दिवसापासून सुरू केलं. गव्हर्नरचं नाव मी कधीच घेत नाही; "वर बसलेला माणूस" म्हणते. घोड्याला त्याच्याबद्दल एवढंच ठाऊक, की तो वर्षागणिक जड होत चालला. त्याच्या मडमेने पियानो मागवला, तेव्हा चढावर दोर सुटला आणि पियानो वाजत वाजत बंदरापर्यंत परत गेला. या गावातली ती पहिली मैफल, आणि ऐकायला दोन घोडे होते, त्यातला एक मध्येच उठून गेला. लोक हसायला लागले. हसता हसता शेवटी मी मोतद्दारांची, म्हणजे साहेबाचे घोडे सांभाळणाऱ्या नोकरांची, गोष्ट सांगते. राजवट उलटायला लागली त्या वर्षी याच हौदाशी गावातले सगळे मोतद्दार जमले आणि त्यांनी ठरवलं, की उद्यापासून साहेबाच्या गाडीला घोडा जोडायचा नाही. कुणी काठी उचलली नाही, कुणी घोषणा दिली नाही. घोड्यांना पोटभर पाणी पाजलं आणि घरी गेले. लोक इथे हसायचे थांबतात. मग हौदाच्या दगडाला हात लावून बघतात.

हळूहळू गर्दी व्हायला लागली. (अध्यक्षांनी आक्षेप घेतला, की मी तोफेचा उल्लेख केला. मी म्हटलं, मी फक्त 'घोड्यांना ओढवेना अशी एक जड वस्तू' म्हटलं, ती तुमचीच तोफ आहे हे तुम्ही कशावरून ठरवलं? तेव्हापासून ते माझ्याशी फक्त मान हलवून बोलतात.)

आणि मग घोडीचा प्रकार झाला. मला वाटलं, हौदावर खरंखुरं जनावर पाणी पिताना दिसलं तर बहार येईल. म्हणून टांगेवाल्याला त्याची घोडी घेऊन बोलावलं. हौद काठोकाठ भरला, पाहुणे अर्धवर्तुळात उभे राहिले, मी हात करून म्हटलं, पाहा! घोडीने पाण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि वळून चालू लागली. ती रोज टांग्यातून पाहुण्यांना बंगल्यावर नेते. माणसं जमली की बंगल्याकडे जायचं एवढं तिला पक्कं ठाऊक. टांगेवाला लगाम धरून तिच्यामागे, त्याच्यामागे सगळे पाहुणे (त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग), आणि सगळ्यांच्या मागे कंबर धरून मी. मंडई ओलांडली, न्हाव्याने अर्धी दाढी केलेलं गिऱ्हाईक सोडून रस्ता मोकळा करून दिला, आणि आमची वरात थेट बंगल्याच्या पोर्चमध्ये जाऊन थांबली.

तिथे मनोरेवाले मास्तर आपल्या पाहुण्यांना खांबांची उंची सांगत होते. आणि पायऱ्यांच्या बाजूला, कुंडीच्या आड, हे बसले होते. दादा, मला घरी पाटीवर लिहून दाखवायचे, 'फिरायला जातो.' रोज इथे येऊन बसत होते. मास्तर सांगत होते खांबांबद्दल, आणि ह्यांचे ओठ हलत होते. आवाज नाही, पण ओठांवर सगळं, जसंच्या तसं, ह्यांचं स्वतःचं. मला रडूच आलं. सगळ्यांसमोर आलं, आणि मी ते पुसलंही नाही.

पाहुणे म्हणाले, बाई, मोतद्दार घरी गेले, मग पुढे काय झालं ते सांगा ना. नियम मला माहीत होता. मास्तर माझ्याकडे बघत होते, घोडी कुंडीतली शेवंती खात होती. मी म्हटलं, मी घोड्याबद्दलच बोलतेय. दुसऱ्या दिवशी सकाळी इथे, या पोर्चमध्ये, घोडा आला नाही. एवढंच म्हटलं, आणि हे उठले. वरच्या पायरीवर जाऊन उभे राहिले. छाती काढली, हातमोजे चढवल्यासारखं केलं, गाडीसाठी रस्त्याकडे पाहिलं. मी सांगत गेले आणि हे करत गेले. वर बसलेला माणूस वाट बघतो, मग घड्याळ बघतो, मग चिडतो, मग त्याला कळतं. हे एकेक पायरी उतरले तसा तो माणूस माझ्या डोळ्यांदेखत म्हातारा होत गेला. शेवटच्या पायरीवर थांबून ह्यांनी नुसतं स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. मी म्हटलं, या गावात आल्यापासून पहिल्यांदा तो बंदरापर्यंत पायी गेला आणि जहाजात बसला. टाळ्या पडल्या. सगळ्यात आधी मास्तरांनी वाजवल्या, आणि मग आपण मंडळाचे सभासद आहोत हे आठवून हात मागे घेतले.

नियम मोडल्याबद्दल मंडळाने शुक्रवारी बैठक बोलावली आहे. मी जाणार आहे. खुर्ची दिली नाही तर दुसऱ्या पारड्यात बसेन, पण बंगला मागितल्याशिवाय उठणार नाही. तू काळजी करू नकोस. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कंबरेवर काही लेप माहीत असेल तर कळव.

तुझी हट्टी धाकटी

ता. क. टांगेवाला म्हणतो, घोडीलाही मंडळाचं सभासद करून घ्या. मी त्याला नाही म्हटलेलं नाही. मतं कमी पडली तर बघू.

ता. क. २. वर मी 'ह्यांचा आवाज येईपर्यंत' असं लिहिलंय. ते खोटं आहे. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, की शेजारी बसलेल्याला ऐकू जाईल एवढा आवाज येईल. सभागृह भरेल असा नाही. मी ह्यांना सांगितलेलं नाही. पण त्या घोडीच्या दिवशी बंगल्यावरून घरी आल्यावर ह्यांनी स्वतःचा बिल्ला काढला, कापडाने पुसला आणि माझ्या खांद्यावर लावला. पाटीवर काही लिहिलं नाही. म्हणून मंडळाला दिलेल्या अर्जात मी 'तात्पुरता' हा शब्द घातलेला नाही. बंगला मी माझ्या नावावर मागितलाय. आणि खरं सांगू, मला तो हवासुद्धा आहे. हे लिहिताना मला ह्यांच्यासाठी रडू येतं आणि त्याच वेळी शुक्रवार कधी येतो असं होतं. यात माझं काय चुकतंय ते मला कळत नाही.

ता. क. ३. आता खरं काम. तू इथे राहायला ये. वहिनींना घेऊन ये, नाहीतर एकटा ये, पण महिनाभर तरी ये. मी दिवसभर बाहेर असणार आणि घरात येणारा प्रत्येक माणूस ह्यांना काहीतरी विचारतो आणि मग हे लिहीपर्यंत केविलवाणा चेहरा करून थांबतो. ते थांबणं ह्यांना सहन होत नाही. दादा, तू जन्मात कधी कुणाच्या उत्तरासाठी थांबलेला नाहीस. आम्ही सगळ्यांनी आयुष्यभर तुला त्याबद्दल नावं ठेवली. आता लवकर निघ, ह्यांच्या शेजारी बस, आणि अजिबात थांबू नकोस.