बागेतल्या तुळशीला घर नाही, त्याबद्दल

कारापूर,
शनिवार, दिवाळीनंतरचा

तीर्थरूप जयरामकाका आणि काकू यांना,

पुतण्या सिद्धेशचा दोघांच्या पायांशी वाकून नमस्कार. (पत्रात वाकता येत नाही, पण हे वाक्य लिहिताना मी थोडा पुढे झुकलो होतो.) काकूंचा गुडघा आता कसा आहे? तुमचा खोकला गेला का? तांबडी गाय व्याली का? इकडे आई, बाबा आणि मी बरे आहोत. फोन सोडून पत्र कशाला, असे तुम्हांला वाटेल. फोनवर तुम्ही "हां, बोल" म्हणालात की मला पुढचे काही आठवत नाही. पत्रात तुम्हांला मध्ये बोलता येत नाही आणि मला खोडता येते. खोडून झाल्यावर हे पुन्हा स्वच्छ उतरवले आहे.

मी 'आमचो गांव' नावाच्या बागेत कामाला लागलो, हे कानावर आले असेल. कारापूरच्या वरच्या माळावर ती नवीन झाली आहे. तिकीट काढून आत जायचे आणि गाव बघायचे. (इब्रामपूरच्या माणसाला हे समजावून सांगणे अवघड आहे, म्हणून पुढे जातो.) आत पोदेराची पावाची भट्टी, कुंभाराचे चाक, रहाट, नांगर आणि मातीचा रस्ता आहे. रस्ता सिमेंटचा आहे, मातीचा रंग वरून दिला आहे. माझे पद 'सांस्कृतिक साहाय्यक'. बारावी अर्धी सोडलेल्याला हे पद कसे मिळाले, असे बाबाही विचारतात. मुलाखतीसाठी बाहेर थांबलो असताना फलकावरच्या दोन चुकीच्या वेलांट्या मी खडूने सुधारल्या आणि सुधारताना सापडलो. ओरडा मिळेल असे वाटले होते, नोकरी मिळाली.

आता मुद्द्यावर येतो. बागेच्या बरोबर मध्यभागी एक तुळशी वृंदावन आहे. उंची एका तरण्या माडाएवढी. चारी बाजूंना कोनाडे आणि कोनाड्यांत विजेच्या पणत्या, ज्या आपोआप रंग बदलतात. आराखडा काढणाऱ्यांचे म्हणणे असे की बाग गोव्याच्या गावाची आहे, गावातल्या घराची ओळख म्हणजे दारातली तुळस, तर तीच मोठी करा म्हणजे हमरस्त्यावरून दिसेल. यात कागदावर चूक काढता येत नाही. मीही काढली नव्हती. ती लोकांनी काढली आणि तीही न बोलता. फाटकातून आत आल्यावर समोर तुळस दिसताच त्यांनी चपला काढल्या.

पहिल्या आठवड्यात फाटकाशी चपलांचा ढीग झाला आणि दुपारी सिमेंट तापल्यावर माणसे कुंभाराच्या चाकाकडे उड्या मारत जाऊ लागली. आमचे व्यवस्थापक निहार सर वास्कोचे. लहानपण रेल्वेच्या वसाहतीत, तिसऱ्या मजल्यावर गेलेले, त्यामुळे त्यांना वाटले की लोक खूश होऊन नाचताहेत. खरे कळल्यावर त्यांनी माझ्याकडून फलक लिहून घेतला : 'कृपया चपला घालूनच फिरावे.' शुद्धलेखनाच्या दृष्टीने तो निर्दोष होता. पण लोकांनी तो वाचला, मान हलवली आणि चपला काढल्या. त्यांचा समज असा झाला की हे पर्यटकांसाठी असणार.

दुसरी अडचण उपाहारगृहाची. ते तुळशीच्या समोरच आहे आणि तिथे बियर मिळते. तुळशीकडे बघत बियर पिणे आपल्याकडच्या माणसाला जमत नाही. म्हणून सगळी गिऱ्हाइके खुर्च्या फिरवून भिंतीकडे तोंड करून बसतात, अख्ख्या वर्गाला शिक्षा झाल्यासारखी. सोमवारी मासळीची थाळी एकही जात नाही. मागच्या आठवड्यात सर माझ्याशेजारी उभे राहून ते बघत होते. म्हणाले, "सिद्धेश, तुळस बरी दिसता रे. पूण हांगा कोणाक मजा येना."

मी म्हटले, "सर, नमस्कार करून लोकांक बरें दिसता."

"नमस्काराक तिकीट लावंक येना," ते म्हणाले.

तिसरी अडचण माझी स्वतःची. वृंदावन इतके उंच की वरचे रोप खालून दिसेना आणि उन्हाने ते करपलेही. सरांनी वर प्लास्टिकची तुळस बसवली, मोठी, हिरवीगार. त्यावरही हरकत नव्हती. पण रोज सकाळी पाणी घालण्याची प्रथा लोकांना दिसली पाहिजे, म्हणून शिडी लावून प्लास्टिकच्या तुळशीला पाणी घालण्याचे काम माझ्याकडे आले. काका, मी ते मन लावून केले. पण एकदा खालून एका लहान मुलीने विचारले की ती कितीशी वाढली, तेव्हा मला वरून उतरायला वेळ लागला. दुसऱ्याच दिवशी मी घरून आईचे एक रोप आणले आणि वृंदावनाच्या पायाशी, जिथे खरी माती आहे तिथे लावले. आमच्या भाड्याच्या खोलीत रंगाच्या रिकाम्या बादलीत आई तुळस लावते. ऊन येत नाही म्हणून ती रडतखडत जगते. बागेत मात्र दोन महिन्यांत ती माझ्या गुडघ्यापर्यंत आली. (त्या बादलीतले बी कुठले, हे तुम्हांला मी सांगायला नको. इब्रामपूर सोडताना आईने आपल्या निळ्या वृंदावनातल्या मंजिऱ्या पदरात बांधून आणल्या होत्या.)

तर सरांनी आता ठरवले आहे की वृंदावन पाडून तिथे तेवढेच उंच सुंगट (आराखड्यात 'कोळंबी') उभे करायचे, फायबरचे, नारिंगी, मिश्यांना दिवे. गोव्याची ओळख तीही आहे, आणि सरांचे म्हणणे, "सुंगटाक कोण नमस्कार करचो ना." हेही मला खोडता आले नाही. पण मालकांना पाडण्याआधी लेखी अभिप्राय हवा आहे : मधले शिल्प बागेच्या विषयाला साजेसे आहे की नाही. तो मी लिहायचा. तुळस गेली तर पाणी घालणाराही जाईल, हे सरांनी सांगितले नाही, मला समजले. म्हणून 'साजेसे आहे' एवढे लिहून मी मोकळा झालो असतो. पण ते खरे आहे का, हे ठरेना. तीन दिवस जेवण गेले नाही. बाबा म्हणाले, "तुका तुळशीन झपाटला."

मग परवा पेडण्याकडून, म्हणजे आपल्याच बाजूने, एका महिला मंडळाची बस आली. त्यांत सुलोचना नावाच्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. बाकीच्या भट्टीकडे गेल्या. ह्या एकट्या तुळशीला प्रदक्षिणा घालून, हात जोडून, उभ्या राहिल्या. मग इकडेतिकडे बघायला लागल्या. मला वाटले प्रसाधनगृह शोधताहेत. तेवढ्यात त्यांनी तुळशीकडे पाठ केली आणि समोरच्या मोकळ्या हवेला हाक मारली, "कोण आसा गे घरात?"

काका, मी तिकिटाच्या खिडकीजवळ होतो. माझ्या तोंडून आपोआप "ओ" गेले.

त्यांना प्यायला पाणी हवे होते. मी तांब्याभर दिले. (तांब्या प्रदर्शनातला आहे, परत जागेवर ठेवला.) पाणी पिऊन त्या म्हणाल्या, "इतकी व्हडली तुळस आनी घर खंय रे?" घर नाही म्हटल्यावर त्या रागावल्या नाहीत. मी पोरका असल्यासारखे माझ्याकडे बघत राहिल्या. मग नेहमीप्रमाणे, कुठला, कोणाचा. मी सांगितले. म्हणाल्या, "चढणीवरची निळी तुळस ती तुमची मगे? मग तू हांगा कित्याक?"

"नोकरी," मी म्हटले.

"नोकरी समजली. घरची माणसां हांगा कित्याक?"

यावर मी सरांनी शिकवलेले वाक्य वापरले, की पुढे कुंभाराचे प्रात्यक्षिक सुरू होत आहे. त्या आणखीही एक गोष्ट बोलल्या, ती शेवटी लिहितो.

त्या रात्री जेवलो आणि अभिप्राय लिहून टाकला. तो थोडक्यात असा. शिल्प विषयाला साजेसे आहे, पण अर्धे आहे. आमच्या गावात 'चला, तुळस बघू' असे कोणी म्हणत नाही. 'निळ्या तुळशीचे घर' असे म्हणतात आणि माणूस तिथपर्यंत येऊन हाक मारतो. खूण मोठी झाली आणि घर राहून गेले, म्हणून लोकांना हसावे की हात जोडावेत हे कळत नाही. तरी वृंदावन माणसाच्या उंचीचे करावे, मागे एक साधे घर बांधावे, त्याला ओटा असावा आणि आत कोणीतरी बसलेले असावे. बियर घराच्या मागच्या अंगाला द्यावी, जिथे ती आपल्याकडेही देतात. सुंगट पार्किंगमध्ये शोभेल. सर वाचून म्हणाले की शुद्धलेखन चांगले आहे. मालकांचे उत्तर अजून नाही.

एवढेच कळवायचे होते. काकूंना गुडघ्याला ऊब द्यायला सांगा. चुकले असेल तर लहान समजून पोटात घाला.

तुमचा
सिद्धेश

ता. क. : व्हडली दिवाळी जवळ आली. घरोघरी तुळशीची लग्ने संध्याकाळी लागतील, बागेतल्या तुळशीचे मात्र त्या दिवशी सकाळीच, फोटोंना उजेड असताना, लावायचे ठरले आहे. ऊस, आवळे, चिंचा आणि नवरदेव म्हणून दिंड्याची काठी मी आणणार. फोटोसाठी यजमान म्हणून एक जोडपे बसवायचे होते, तर सरांनी आई-बाबांना विचारले. बाबा नाही म्हणाले. "परक्याच्या दारात कन्यादान कसलें?" एवढेच बोलून ते बादलीकडे बघत बसले. घराच्या वाटणीत पडवीमधून चिऱ्यांची भिंत गेली आणि मोजणीत तुळस हातभर तुमच्या बाजूला पडली, त्यात तुमची चूक होती असे ते आता म्हणत नाहीत. मोजणीदाराची होती असे म्हणतात. ही प्रगती आहे.

ता. क. २ : सुलोचनाबाई म्हणाल्या ती गोष्ट. आई दर गुरुवारी देवळात म्हणून जाते. ती बसने इब्रामपूरला येते, तुमच्या कुंपणाबाहेर थोडा वेळ उभी राहते आणि परतीच्या बसने जाते. बाईंनी तिला दोनतीनदा बघितले आहे. मी आईला विचारले नाही. पण काल ती भाकरी थापताना सहज म्हणाली, की निळ्या तुळशीला उजव्या अंगाने चीर गेली आहे, ती जयरामभावजींनी चुन्याने बुजवून घ्यायला हवी. तर ती बुजवून घ्या.

ता. क. ३ : व्हडल्या दिवाळीला संध्याकाळी आम्ही तिघे येऊ. बाबांना मी तुम्ही बोलावल्याचे सांगितले आहे. (तुम्ही बोलावलेले नाही, हे मला माहीत आहे.) आम्ही कुंपणाच्या आत येणार नाही. आई बाहेरून हाक मारील, "कोण आसा गे घरात?" तुम्ही फक्त ओ द्यायची. जरा लगेच द्या, कारण आईचा आवाज तुम्हांला ठाऊक आहे, उशीर झाला तर पलीकडच्या वाड्यावरचे लोक आधी ओ देतील.