तळाचे टोमॅटो

पिंपळवंडी

प्रिय आईस मार्थाचा प्रेमाचा सलाम.

प्रभूच्या कृपेने माझं टोमॅटो पॅकिंगचं शेड नीट चाललंय. रविवारी उपासनेसाठी बंद ठेवते म्हणून दोन शेतकरी दुसरीकडे गेले, पण तू काळजी करू नकोस. गुडघा कसा आहे?

तू बाजारात बोरांच्या पाटीत तळालाही वरच्यासारखीच बोरं भरायचीस. मीही क्रेट तसेच भरते. कामाच्या बाया आधी हसायच्या, "ताई, बारके तळालाच घालायचे आस्तात!"

मागच्या महिन्यात व्यापारी पोपटशेठ हमालाला म्हणाले, "मार्थाताईचं क्रेट उलटू नको, राव. तळ बघायची गरज न्हाई."

आई, लई अभिमान वाटला. पण आता तपासणारं कोणी उरलं नाही. म्हणून गाडी निघण्याआधी रोज एक क्रेट मीच उलटून बघते.

तुझ्या पाटीशेजारी वाढलेली,
मार्था